नकाशाआधीचं काम: वास्तुविशारदाला गरजा नेमक्या कशा लिहून द्यायच्या?

(मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

आमची संस्था तरुणांना तांत्रिक प्रशिक्षण देते. आता स्वतःची इमारत बांधायचं ठरलं आहे. जागा हातात आहे आणि इमारत समितीत माझी नेमणूक झाली आहे. वास्तुविशारदांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की आधी गरजा लिहून द्या, मगच रेघ ओढू.

आम्ही दिलेली यादी अशी: वर्ग १८, संगणक कक्ष २, कार्यशाळा ६, ग्रंथालय, सभागृह, कार्यालय, शिक्षकांची खोली. प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ धरून बेरीज २,६०० चौरस मीटर आली. ये-जा करायच्या वाटांसाठी १० टक्के वाढवले आणि २,८६० चौ. मी. हा आकडा विश्वस्तांपुढे ठेवायचं ठरवलं.

वास्तुविशारदांनी यादी परत पाठवली. म्हणाले, ही खोल्यांची यादी झाली, हा प्रोग्रॅम नव्हे. समितीतले काहीजण वैतागलेत, काम लांबवायची ही सबब आहे असं त्यांना वाटतं. मला मात्र त्यांचं म्हणणं नीट समजून घ्यायचं आहे. यादी आणि प्रोग्रॅम यात फरक काय? आणि आम्ही लिहून काय द्यायचं?

माहितीसाठी: १८ तुकड्या, प्रत्येकीत ३० विद्यार्थी. आठवड्याला ३६ तासिका, त्यातल्या २० वर्गात, ६ संगणकावर, ८ कार्यशाळेत, उरलेल्या २ ग्रंथालयात.

कोनाडा

ताई, यादी परत आली हे तुमच्या संस्थेचं भाग्य समजा. पुष्कळ ठिकाणी अशी यादी मिळाली की दुसऱ्या आठवड्यात रंगीत चित्रं समोर येतात, सगळे खूश होतात आणि बांधकाम निम्म्यावर आलं की खरे प्रश्न बाहेर पडतात. मी बरीच वर्षं शैक्षणिक इमारतींचं काम करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यादीत उत्तरं असतात. 'वर्ग १८' हे एक उत्तर आहे, पण प्रश्न काय होता ते त्यात कुठेच नाही. प्रोग्रॅममध्ये आधी प्रश्न मांडायचा असतो: इथे कोण येणार, काय करणार, किती जण एका वेळी, कशाच्या जवळ, कशापासून लांब, किती पैशात, कधीपर्यंत, आणि दहा वर्षांनी यातलं काय बदलेल.

या कामाला शिस्त लावण्यात विल्यम पेन्या यांचा मोठा वाटा. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या कॉडिल रोलेट स्कॉट या फर्ममध्ये ते होते आणि त्यांच्या पद्धतीचं पुस्तक १९६९ मध्ये आलं. डिझायनर प्रश्न सोडवतो, पण आधी कोणीतरी प्रश्न शोधावा लागतो, हा त्यांचा मूळ आग्रह. त्यांच्या पाच पायऱ्या अशा: उद्दिष्टं ठरवा, वस्तुस्थिती गोळा करा, कल्पना तपासा, गरजा मोजा आणि शेवटी प्रश्न मोजक्या वाक्यांत मांडा. प्रत्येक पायरीवर चार बाजू बघायच्या: वापर, रूप, पैसा आणि काळ.

मला त्यांची काम करायची रीत जास्त आवडते. ही मंडळी आपल्या ऑफिसात बसून प्रश्नावल्या पाठवत नसत. ग्राहकाच्याच जागेत जाऊन मुक्काम ठोकत. एका कार्डावर एकच मुद्दा, शक्यतो छोट्या चित्रासकट, आणि ती कार्डं भिंतीवर. खोल्यांची क्षेत्रफळं तपकिरी कागदावर प्रमाणात चौकोन काढून लावत. एखाद्या विभागाने जास्त जागा मागितली की तो चौकोन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोठा व्हायचा. आकड्यांच्या तक्त्यात जे लपून राहतं ते भिंतीवर लपत नाही. तुमच्या समितीने हे एकदा करून बघाच, खर्च काही नाही.

झरोका

कोनाडा सरांनी पाया घातलाय, मी फक्त तुमचे आकडे करून दाखवते. खोल्या मोजण्याआधी तासिका मोजा.

वर्ग: १८ तुकड्या × २० = ३६० तासिका. एक खोली आठवड्यात ३६ तासिका मोकळी असते, पण शंभर टक्के भरलेलं वेळापत्रक कागदावरच चालतं. शिक्षक आजारी पडतो, परीक्षा येते, जादा तास लागतात. म्हणून ७५ टक्के धरू, म्हणजे खोलीमागे २७ तासिका. ३६० भागिले २७ म्हणजे १३.३, म्हणून १४ वर्ग. तुमच्या यादीत १८ आहेत.

संगणक: १८ × ६ = १०८ तासिका. भागिले २७ म्हणजे ४ कक्ष. तुमच्या यादीत २ आहेत! वेळापत्रक अगदी ठासून भरलं तरी १०८ भागिले ३६ म्हणजे ३ लागतातच. दोन कक्षांत हे बसणारच नाही. सध्या कसं बसवताय?

कार्यशाळा: १८ × ८ = १४४, भागिले २७ म्हणजे ५.३. सहा बरोबर वाटतात, पण इथे एक खोच आहे. वेल्डिंगची तासिका इलेक्ट्रिकलच्या कार्यशाळेत घेता येत नाही. हा हिशेब प्रत्येक शाखेचा वेगळा करायला हवा.

तळटीप

झरोका, तुमचा प्रतिसाद वाचून मी सरळ वेळापत्रक घेऊन बसले. सध्या संगणकाच्या तासिकेला दोन तुकड्या एकत्र बसवतात आणि एकेका संगणकावर दोघं-तिघं काम करतात. आम्हाला याची इतकी सवय झाली आहे की यादी करताना 'आहेत तेवढेच २' असं लिहून मोकळे झालो. आणि वर्ग १८ का, तर तुकड्या १८ म्हणून. तुकडी कार्यशाळेत गेली की तिचा वर्ग रिकामा असतो हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

कोनाडा

हेच ते. जुन्या इमारतीतली अडचण नव्या इमारतीच्या यादीत गरज म्हणून शिरते.

आता क्षेत्रफळाकडे वळू, कारण तो आकडा विश्वस्तांपुढे जाण्याआधी थांबवायला हवा. चार वर्ग कमी आणि दोन संगणक कक्ष जास्त, म्हणजे बेरीज साधारण तेवढीच राहील, २,६०० च धरू. पण हे निव्वळ क्षेत्रफळ झालं, खोलीच्या आतलं. त्याशिवाय भिंतींची जाडी, मार्गिका, जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं, पाइप आणि केबलचे उभे शाफ्ट, विजेची खोली, पंप, सफाईचं सामान ठेवायची जागा, प्रवेशदालन हे सगळं इमारतीत असतंच. ते तुमच्या यादीत कुठेच नाही.

अशा प्रकारच्या इमारतीत निव्वळ जागा एकूण बांधकामाच्या ६० ते ७० टक्के निघते. ६५ टक्के धरले तर २,६०० भागिले ०.६५ म्हणजे ४,००० चौ. मी. तुमचा आकडा होता २,८६०. मध्ये ११४० चौ. मी. चा खड्डा आहे. बजेट २,८६० वर मंजूर झालं असतं तर पुढे काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे: मार्गिका अरुंद होतात, ग्रंथालय अर्धं होतं, सामानाच्या खोल्या गायब होतात, आणि दोष डिझाइनवर जातो. खरं तर ती इमारत पहिल्या बैठकीतच आखूड पडलेली असते.

हे प्रमाण म्हणजे दर्जाचाही निर्णय आहे. ७० टक्क्यांवर नेलंत तर मार्गिका फक्त चालण्यापुरती उरेल. ६० वर ठेवलंत तर तिथे बाक टाकता येईल, दोन विद्यार्थी थांबून बोलू शकतील. तुमच्या संस्थेला काय हवं ते तुम्हीच ठरवायचं आहे. कॅल्क्युलेटर ते ठरवणार नाही.

शुश्रूषा

मी वास्तुशास्त्रातली नाही, रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या नव्या वॉर्डच्या वेळी सल्लागार विचारायला आले तेव्हा प्रश्न होता, 'तुम्हाला केवढी खोली हवी?' सगळ्यांनी मोठी सांगितली. मोठी नको असं कोण म्हणेल?

नंतर त्यांच्यातली एक मुलगी रात्रपाळीला आमच्याबरोबर उभी राहिली. काही विचारलं नाही, फक्त बघत होती. औषधांची ट्रॉली कुठे अडते, हात कुठे धुतो, वापरलेल्या चादरी कुठून जातात, टेबलावर बसून किती खाटा दिसतात. स्वच्छ सामान आणि वापरलेलं सामान एकाच दारातून जातं हे तिने टिपलं. आम्ही रोज ते करत होतो, पण फॉर्ममध्ये कोणी लिहिलं नसतं, कारण फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

म्हणून तळटीप ताई, तुमच्या शिक्षकांना, कार्यशाळेतल्या मदतनिसांना आणि सफाई करणाऱ्यांना 'काय हवं' असं विचारू नका. 'सकाळी आल्यापासून काय काय करता ते दाखवा' म्हणा आणि त्यांच्या मागे चाला.

पानोपानी

शुश्रूषाताईंना पूर्ण अनुमोदन.

ग्रंथालयाबद्दल एक सांगते. २००४ मध्ये उघडलेलं सिअ‍ॅटलचं मध्यवर्ती ग्रंथालय बघा. तिथल्या वास्तुविशारदांनी कामं दोन गटांत मांडली: ज्यांची जागा आणि स्वरूप ठरलेलं आहे ती, आणि ज्यांचा पुढे काय आकार होईल ते कोणालाच माहीत नाही ती. त्यातून एकावर एक रचलेले मजले आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागा निघाल्या. पुस्तकांसाठी त्यांनी चार मजले चढत जाणारा सलग उतार केला. कारण साधं आहे. मजल्यामजल्यांवर कप्पे केले की एखादा विषय वाढला की पुस्तकं दुसऱ्या मजल्यावर ढकलावी लागतात आणि क्रम तुटतो. ग्रंथपालांची रोजची अडचण आधी समजली, मग तो उतार सुचला.

तुमच्या यादीत 'ग्रंथालय' एवढा एकच शब्द आहे. १८ तुकड्यांच्या २ तासिका म्हणजे आठवड्याला ३६ तासिका, म्हणजे दर तासिकेला एक अख्खी तुकडी तिथे असणार. ३० जण. शिवाय स्वतःहून येणारे. शांत बसून वाचणारा आणि तुकडीबरोबर आलेला विद्यार्थी एकाच दालनात कसे बसणार, हे आधी लिहा.

ओळंबा

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. आमच्याकडे नकाशा येतो तेव्हा बहुतेक सगळं ठरून गेलेलं असतं, म्हणून इथेच दोन शब्द.

सभागृहाला मधे कॉलम चालत नाहीत. वर्गांना ७-८ मीटरवर कॉलम चालतात, आणि तेच स्वस्त पडतं. सभागृह तळमजल्यावर आणि त्याच्यावर तीन मजले वर्ग असं केलं की वरच्या सगळ्या कॉलमचं वजन सभागृहाच्या छतातल्या प्रचंड बीमवर येतं. ते करता येतं, पण महाग असतं आणि बीमची जाडी मजल्याची उंची खाते. सभागृह सगळ्यात वर नेलं तर माझं काम सोपं होतं. पण मग शेकडो माणसं एकदम खाली उतरायची, त्यासाठी जिने रुंद आणि जास्त लागतात. बाजूला वेगळं काढलं तर दोन्ही प्रश्न सुटतात, जागा मात्र जास्त व्यापते. तिन्हीत काहीतरी द्यावं लागतंच, म्हणून सभागृह वर्षातून किती वेळा आणि कशासाठी भरणार हे आधी सांगा. वर्षातून चारदाच भरत असेल तर ते असावं का, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही.

दुसरं, यंत्रांची यादी द्या: वजन, लांबी-रुंदी, कंपन होतं का, आत कुठून आणणार. जड लेथ असलेली कार्यशाळा पहिल्या मजल्यावर दाखवून नंतर खाली आणली की तळमजल्याचं सगळं गणित विस्कटतं.

वातायन

ओळंबांनी कॉलमचं सांगितलं, मी हवा-पाण्याचं सांगतो. अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांच्या दोन प्रयोगशाळा शेजारी ठेवून बघाव्यात.

फिलाडेल्फियातली रिचर्ड्स प्रयोगशाळा १९६० च्या सुमाराची. दूषित हवा, पाइप आणि जिने विटांच्या उंच मनोऱ्यांत बाहेर काढले आणि काम करायच्या जागा मोकळ्या ठेवल्या. सेवा देणाऱ्या जागा वेगळ्या आणि सेवा घेणाऱ्या वेगळ्या, हा विचार जगभर गाजला. पण आत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना काचेतून येणारं ऊन इतकं बोचत होतं की त्यांनी खिडक्यांना चमकी कागद लावले. नंतर कॅलिफोर्नियातली साल्क संस्था, १९६५. तिथे प्रत्येक प्रयोगशाळेच्या वर माणूस उभा राहील एवढा, सुमारे २.७ मीटर उंचीचा, फक्त पाइपांचा मजला आहे. खाली एकही कॉलम नाही. प्रयोग बदलला की वरून पाइप बदलतात, खालचं काम थांबत नाही.

तुमच्या संगणक कक्षांना आज जे लागतं ते दहा वर्षांनी लागेलच असं नाही. 'बदलण्याची सोय कुठे हवी आणि कुठे नको' हे प्रोग्रॅममध्ये स्पष्ट लिहा. सगळीकडे हवी म्हणालात तर परवडणार नाही.

चौकट

सगळे प्रतिसाद उत्तम आहेत, पण मला एका गोष्टीला ठाम विरोध नोंदवायचा आहे. आधी प्रश्न पूर्ण मांडा आणि मगच रेघ ओढा, हा क्रम मला पटत नाही.

हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्ये नियोजनातल्या चिवट प्रश्नांबद्दल मांडलं की असा प्रश्न समजून घेणं आणि त्याचं उत्तर सुचणं या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९६४ च्या ग्रंथात भारतातल्या एका खेड्यासाठी १४१ गरजा काढल्या, त्यांचे परस्परसंबंध मांडले आणि गणिताने गट पाडले. काही वर्षांनी त्याच ग्रंथाच्या नव्या प्रस्तावनेत त्यांनीच सांगितलं की खरं मोल त्या पद्धतीत नसून तिच्यातून निघालेल्या आकृत्यांत आहे.

आणि वातायन यांनी साल्क संस्थेचं उदाहरण दिलंच आहे तर तेही पुरं करू. आधीच्या आराखड्यात प्रयोगशाळांच्या चार इमारती आणि दोन चौक होते. काम बरंच पुढे गेल्यावर, १९६२ मध्ये, संस्थेचे संस्थापक जोनास साल्क यांना जाणवलं की दोन चौकांमुळे शास्त्रज्ञांचे दोन तट पडतील. त्यांनी कान यांना पुन्हा सुरुवात करायला लावली आणि दोन इमारतींच्या मधला तो एकच चौक जन्मला. आराखडा समोर नसता तर ही गरज कुठल्या प्रश्नावलीत आली असती?

कोनाडा

चौकट, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि त्यातलं निम्मं मला मान्य आहे. स्केच काढायलाच हवीत. पण त्यांच्याकडे प्रश्न म्हणून बघायला हवं. 'कार्यशाळा वेगळी काढली तर असं, जोडून घेतली तर असं, तुमचं काम कशात अडतं?' अशी पाच-सहा कच्ची स्केच समितीपुढे ठेवली की गरजा आपोआप बोलायला लागतात. गोंधळ होतो तो पहिलं स्केचच देखणं झालं की. मग सगळे त्याच्या प्रेमात पडतात आणि गरजा त्याला जुळवून घ्यायला लागतात.

बबल डायग्रामचंही तसंच. कोणतं काम कोणाच्या जवळ हे दाखवायला ते गोल असतात, पण बघता बघता गोलाची खोली होते आणि जोडरेषेची मार्गिका होते. मी म्हणून आधी साधा तक्ता करतो. उभं-आडवं तीच कामं लिहायची आणि प्रत्येक चौकटीत एक खूण: जवळ हवं, चालेल, लांब हवं. आणि शेजारी कारण. कारण लिहिलं नाही तर ती खूण नुसतं मत ठरते.

साल्क यांनी वेळेत थांबवलं, कारण तेव्हा बदल कागदावर होता. उलट बाजू सिडनी ऑपेरा हाउसमध्ये दिसते. १९५७ मध्ये डॅनिश वास्तुविशारद यॉर्न उत्झोन यांचा आराखडा निवडला गेला. मोठं सभागृह संगीत मैफिली आणि ऑपेरा या दोन्हींसाठी असावं अशी मागणी होती. वाद्यवृंदाला आवाज सुमारे दोन सेकंद घुमायला हवा, ऑपेरात शब्द कळायला तो कमी घुमावा लागतो. मागणीतच ओढाताण होती. १९५९ मध्ये, आराखडे पूर्ण होण्याआधीच, काम सुरू झालं. १९६६ मध्ये उत्झोन बाहेर पडले, त्यानंतर मोठं सभागृह फक्त मैफिलींसाठी ठरलं, बसवलेली रंगमंचाची यंत्रणा काढून टाकली आणि ऑपेरा लहान सभागृहात गेला, जिथे वादकांची जागा अपुरी पडली. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १९७३ मध्ये उघडेपर्यंत १० कोटी २० लाखांवर गेला. याला कारणं अनेक होती, पण मुळातला न सुटलेला प्रश्न हे त्यातलं एक नक्की.

ब्रिटनमधल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने १९६३ पासून कामाचे टप्पे ठरवून दिले आहेत. २०१३ च्या सुधारणेत त्यांनी सुरुवातीलाच शून्याचा टप्पा घातला. इमारत हवीच का, की आहे त्यात भागेल, हे तिथे तपासायचं असतं. तुमच्या समितीनेही तो प्रश्न एकदा लिहून काढावा.

तळटीप

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीला वेळापत्रकाचा हिशेब आणि ४,००० चा आकडा दाखवला. आधी शांतता पसरली, मग खरी चर्चा सुरू झाली. सबब म्हणणाऱ्यांनीच तक्ता भरायला घेतला. आता मसुद्याची काही वाक्यं देते, तपासून सांगाल का?

१. ग्रंथालय शांत व प्रशस्त असावे.
२. कार्यशाळा वर्गांपासून लांब असाव्यात.
३. इमारत भविष्यातील वाढीस अनुकूल असावी.
४. शिक्षक व विद्यार्थी यांच्यात संवाद वाढावा.

झरोका

१ मधून काही मोजता येत नाही. असं करून बघा: 'एका वेळी एक तुकडी (३०) आणि स्वतंत्र वाचणारे ४० बसतील. तुकडीचा आवाज वाचणाऱ्यांपर्यंत जाऊ नये. ग्रंथपालाला दोन्ही जागा बसल्या जागी दिसाव्यात.' बघा, 'प्रशस्त' हा शब्द लागलाच नाही.

२ मध्ये उपाय शिरलाय. लांब का? आवाजासाठी ना? मग 'यंत्रं चालू असताना वर्गात साध्या आवाजात शिकवता यावं' एवढंच लिहा. ते अंतराने साधायचं, मधे भांडार टाकून की जाड भिंतीने, हे डिझाइनवर सोडा. वर्गातून कार्यशाळेत जायला तासिकांच्या मधली पाचच मिनिटं असतील तर तेही लिहा, कारण ती मागणी नेमकी उलट्या दिशेने ओढते.

ओळंबा

३ साठी: वाढ वर की बाजूला? वर असेल तर पाया आणि कॉलम आजच त्या वजनाचे करावे लागतात, म्हणजे उद्याच्या मजल्याचा काही खर्च आज. बाजूला असेल तर ती जागा मोकळी राखावी लागेल आणि त्या टोकाला जिना किंवा स्वच्छतागृह बांधून वाट बंद करता कामा नये. किती तुकड्या वाढतील आणि कधी, याचा अंदाज विश्वस्तांकडून लेखी घ्या.

शुश्रूषा

४ हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तेच सगळ्यात मोघम आहे. संवाद आत्ता कुठे होतो ते बघा ना. आमच्याकडे डॉक्टर आणि परिचारिकांचं खरं बोलणं हात धुण्याच्या जागेपाशी होतं.

तळटीप

आमच्याकडे तो कार्यशाळेच्या दारात होतो, अवजारं परत करताना. मदतनीस अवजारं मोजून घेतात, तेवढ्या वेळात रांगेतली मुलं शिक्षकांना शंका विचारतात. तिथे उभं राहायलासुद्धा धड जागा नाही. मग ४ असं लिहिते: 'प्रत्येक कार्यशाळेच्या दाराशी अवजारं परत घेण्याची खिडकी आणि तिच्यासमोर एका तुकडीला उभं राहता येईल एवढी जागा, ये-जा करणाऱ्यांच्या वाटेत न येणारी. तिथे लिहायला फळा.' चालेल?

कोनाडा

चालेल, फक्त त्या जागेचं क्षेत्रफळ निव्वळ यादीत धरा. मार्गिकेत धरलंत तर काटछाटीच्या पहिल्या फेरीत जाईल. एका तुकडीला फळ्यासह २० चौ. मी. पुरतील. सहा कार्यशाळांचे १२० झाले, म्हणजे ६५ टक्क्यांच्या हिशेबाने एकूण बांधकामात सुमारे १८५ ची भर. हा आकडा विश्वस्तांपुढे वेगळा आणि कारणासकट दाखवा. मसुद्यावर तारीख टाका, आणि यात बदल करायचा अधिकार कोणाचा हेही पहिल्या पानावर लिहा.